चौथी ओळ

मालन: …आन् माज्या सहदेवालाबी चौथ्या वळीत घ्या की, डागदरसायेब. दोन दिस झालं इनवतीया.

त्र्यंबक: ओळ मी ठरवत नाही, बाई. जो ज्या दिवशी आला, तसं त्याचं नाव पडलं. तुझी सगुणा नाणेघाटातून लोकांबरोबर पुढं आली, तिला चौथी ओळ मिळाली. तू मुलाला घेऊन चार दिवसांनी पोचलीस, तुम्हांला दुसरी.

मालन: ह्याला कडंवर घिऊन चालत व्हते, आदुगर कशी पोचनार? पन आता बगा की दोगांस्नी. सगुणा कशी भरलीया, गालाची हाडं दिसत न्हाईत. आन् ह्यो? काटकी. रातंदीस रडतंय, मला बोचकारतंय, दुसऱ्याच्या हातातलं हिसकतंय. चौथ्या वळीतली लेकरं बगा. शेणानं सारवल्यावानी गप. आमच्या वळीतल्या समद्या बायांचं तेच म्हननं हाय, आमची पोरं तिकडं घ्या.

(आंबिवलीपलीकडे काळू नदीच्या काठावरची दुष्काळी छावणी; सन १८७७, भर उन्हाळा. झावळ्यांच्या झोपड्यांच्या चार ओळी. मधोमध रेल्वेच्या मालधक्क्यावरून आणलेला, पोती जोखायचा काटा. काट्यापाशी त्र्यंबक उभा आहे: कल्याणचा, नुकताच डॉक्टरीची परीक्षा दिलेला, छावणी चालवणाऱ्या गोऱ्या साहेबाचा मदतनीस. समोर मालन, जुन्नरकडची. कडेवर मुलगा, हाताशी सात वर्षांची मुलगी. चुलाणापाशी छावणीची स्वयंपाकीण, मोहन्याची हौसाबाई, तांदूळ निवडते आहे. त्र्यंबकला आज सकाळपासून बरं वाटतं आहे. त्याचे आकडे चांगले येत आहेत.)

त्र्यंबक: बसव तिला पारड्यात. पाय वर घे, सगुणा. हात सोड दोरीचा… छत्तीस! छत्तीस रत्तल. मागच्या सोमवारी तेहतीस होती.

मालन: म्हंजी वाडली?

त्र्यंबक: आठवड्यात तीन रत्तल.

मालन: थांबा, काजळाचं बोट लावते. कुनाची नदर लागाय नको.

हौसाबाई: डाक्तरदादा, त्या पोरीला इचार, भूक लागली का.

त्र्यंबक: लागली असेल तर मागेल ना ती. काय गं सगुणा, भूक लागलीय?

सगुणा: —

मालन: लाजतीया.

हौसाबाई: कवापासून लाजते?

मालन: आं?

हौसाबाई: कवापासून मागत नाय जेवाला?

मालन: मागंल कशाला? पोट भरलेलं हाय तिचं. आवं मावशी, घाटात ही पोर झाडाचा पाला ओरबाडत व्हती. आता वाटी म्होरं ठिवली तरी बगत न्हाई. दोन घास खाती न् तोंड फिरवती. ह्याला सुक म्हनायचं न्हाईतर काय?

हौसाबाई: चौथे ओलीची डाल कयला बंद केली रं, दादा?

त्र्यंबक: तुम्हांला कितीदा सांगू, हौसाबाई. वरून विचारणा आहे. नुसत्या तांदळावर माणूस जगतो का, डाळ लागतेच का, ते वजनं करून कळवा. म्हणून साहेबांनी एका ओळीची डाळ बंद केली. मोठ्याला रत्तलभर तांदूळ, पोराला निम्मा, वर मीठ.

हौसाबाई: न तुला काय वाटतंय?

त्र्यंबक: मला वाटून काय करायचंय? आम्हांला शिकवलं ते वेगळंच होतं. डाळीत, दुधात, मासळीत मांस बांधणारं द्रव्य असतं, ते मिळालं नाही तर शरीर झिजतं, असं. मी तर भीत होतो. पण झीज कुठंय? तीन ओळी डाळ खाऊन तिथंच रेंगाळल्यात, आणि ही ओळ दर सोमवारी वाढतेय. काटा तुमच्यासमोर आहे.

हौसाबाई: पोरीला इकरं आन.

मालन: कशाला?

हौसाबाई: खात नाय मी तिला. ये गो बाय. बस. पाय लांब कर. आता बग, दादा. पायाचे नलीवर आंगठा दाबतंय. असा. न आता काढतंय. काय दिसतंय?

त्र्यंबक: खड्डा पडलाय.

हौसाबाई: थांब. बगत रा. …भरला?

त्र्यंबक: नाही.

हौसाबाई: मलल्या पिठान बोट घातला तर असाच रातो. न पोरगी पाय मागं घेते का? दुखला बोलते का?

मालन: अंग मऊ हाय माज्या पोरीचं. तुमी दाबू नगा असं.

हौसाबाई: सकाली तिचा तोंड भरलेला असतंय. डोलं उघडत नाय नीट. सांजचं बगशील तर तोंड उतरतंय न पाय भरतान. व्हय का नाय?

मालन: …व्हय.

हौसाबाई: मांस असा फिरतंय काय, बाय? मांस काय सकाली डोक्यान न सांजचं पायान जाते? पानी हाय ता. दादा, कान लाव तिचे पोटाला.

त्र्यंबक: अहो, पण—

हौसाबाई: लाव. मी हालवतंय तिला.

मालन: काय ऐकू येतंय? सायेब? मला सांगा की.

त्र्यंबक: मडकं हलवल्यासारखं.

मालन: काय?

त्र्यंबक: अर्धं भरलेलं मडकं असतं ना. तसं.

*

त्र्यंबक: हौसाबाई, जाग्या आहात ना? भर दुपारी डोळे मिटून काय बसलात?

हौसाबाई: धूर जातंय डोल्यान. काय झाला? तोंड असा कयला उतरला?

त्र्यंबक: चौथ्या ओळीत जाऊन आलो. पहिल्या झोपडीपासून सुरुवात केली. प्रत्येकाच्या नळीवर अंगठा. बावन्न माणसं. अडतीस जणांच्या पायाला खड्डा.

हौसाबाई: बस. पानी पी.

त्र्यंबक: एकानंही विचारलं नाही मी काय करतोय ते. एकानंही पाय ओढून घेतला नाही. शेवटच्या झोपडीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. पहिल्या झोपडीतला तो म्हातारा… महिपत. त्याच्या पायावर माझा अंगठा अजून तसाच होता. मी ओळभर फिरून आलो तरी.

हौसाबाई: केस बगलंस पोरांचं?

त्र्यंबक: तांबूस झालेत. मला वाटलं उन्हानं.

हौसाबाई: डाल खानारी पोरा पन उन्हानच बसतान.

त्र्यंबक: तुम्हांला कसं कळतं हे सगळं?

हौसाबाई: माजा रघु असाच व्हता. मी खारेपट्टीची. माहेर तिकरं, मिठागरावर. लगीन व्हऊन मोहन्याला आलंय. ते साली खारीन मासली नव्हती. जालं सुकून कडक. तान्दूल तेवरा व्हता, आमी पेज पीत व्हतूं. नुसती पेज. रघु आदी रडायचा, मंग रडाचा थांबला, मंग जाड झाला.

त्र्यंबक: मग?

हौसाबाई: मंग काय. सगल्या गावान फिरवला मी त्याला. बगा बगा, माजा पोर पेजेवर कसा झालाय. सासू बोलाची, दर रोज दिष्ट काढ. मी काढाची. नवव्या दिवशी कातरी सुटली आंगाची, भिंतीचा चुना सुटते तशी. उचलला तवा खाली पानी गललं. म्हनून मी त्या बायला बोट लावताना बगू शकत नाय.

त्र्यंबक: मी साहेबाला तीन पत्रं लिहिलीत, हौसाबाई. चौथी ओळ उत्तम आहे, म्हणून.

हौसाबाई: चौथा लिही.

त्र्यंबक: लिहितो. पण तो पत्र वाचून मानायचा नाही. पुढच्या महिन्यात येतोय, तेव्हा त्याला एक पोर बरी झालेली दाखवायला हवी. डाळ खाऊन बरी झालेली. नियमाप्रमाणे चौथ्या ओळीला डाळ देता येत नाही, पण सगुणाला मी आजारी म्हणून तुमच्या चुलाणापाशी हलवू शकतो. नुसतं डाळीचं वरण पुरेल?

हौसाबाई: वरनान जवला घालीन. सुकवून, कुटून, पीठ करून. माजा भाऊ होरीतून आनतंय खारीचा.

त्र्यंबक: खाडीतून होडीनं सुका जवळा? माझ्या झोपडीला लागून?

हौसाबाई: नाक धर, भटा.

*

मालन: किती?

त्र्यंबक: बत्तीस.

मालन: आन् परवा?

त्र्यंबक: चौतीस होती. हे बघ बाई, घाबरू नकोस—

मालन: छत्तीस व्हती माजी पोर. तुमीच सांगितलं. छत्तीसची चौतीस, चौतीसची बत्तीस. ही बाई काय घालती तिला? त्यो काळा भुगा काय हाय?

हौसाबाई: मासली हाय.

मालन: मासळी खाऊन मानूस वाळतंय व्हय? गालाची हाडं वर आली बगा. घाटातून आली तवाबी येवडी न्हवती वाळली. आन् रातभर मुततीया. वाकळ भिजली, खालची भुई भिजली. सायेब, येवड्याश्या पोरीत येवडं पानी असतंय का? तिचं रगत न्हाई ना जात पान्याबरूबर?

त्र्यंबक: नाही. जे साचलं होतं तेच जातंय. ते गेलंच पाहिजे.

मालन: आन् गेल्यावर काय उरंल? बोला की.

त्र्यंबक: जेवढी सगुणा खरी आहे तेवढी उरेल.

मालन: मला न्हाई कळत तुमचं. मला डोळ्यांनी दिसतंय ते कळतंय. चौथ्या वळीतल्या बाया हसत्यात मला. म्हंत्यात, चांगली भरलेली पोर नेऊन चेटकिनीच्या चुलीवर ठिवली.

हौसाबाई: काल रातचा वरन खाला का तिनं?

मालन: म्या वतून दिलं.

हौसाबाई: कय?

मालन: नदीकडं. आन् तांदळाची पेज पाजली वाटीभर. आई हाय मी तिची. बाया सांगत्यात, तुमचं पोर गेलं. म्हनून माजं न्यायचं व्हय?

त्र्यंबक: बाई, तोंड सांभाळ.

हौसाबाई: राहू दे, दादा. बोलू दे तिला. सासूनं रघुची पेज बंद केली असती तं मी पन तिला असाच बोलली असती. आयक गो मालन. तुजे पोराला आन इकरं, सहदेवला. पारड्यान नको, माजे मांडीवर दे. आता बग. आंगठा दाबतंय. काढला. काय हाय?

मालन: काय न्हाई. लगीच सपाट.

हौसाबाई: न तो काय करते?

मालन: बोंबलतोय. लाथा झाडतोय तुमाला.

हौसाबाई: हा तुजा काटकी. डाल खातंय रोज. न मना लाथ मारली बग, पोटान. आता सगुणाचे पायाला तू सोता दाब. मी नाय, डाक्तर नाय. तू दाब.

मालन: नगं.

हौसाबाई: दाब.

मालन: दाबलं.

त्र्यंबक: काय वाटतंय हाताला?

मालन: गार लागतीया. सायेब, हिचा पाय गार हाय. येवड्या उन्हाचा.

हौसाबाई: रोज दाबत जा. ज्या दिवशी खड्डा भरून येल, त्या दिवशी वाटला तर मना चेटकीन बोल. तवरी वरन वतून देऊ नको.

*

त्र्यंबक: सत्तावीस.

मालन: बास का आता? का आजून?

त्र्यंबक: दोन दिवस तिथंच थांबलाय काटा. वाटतं, आता उतरायचा नाही.

मालन: काल सांजच्याला म्या दाबलं. लगीच भरून आलं. आन् तिनं पाय मागं घेतला. म्हनली, दुकतंय.

त्र्यंबक: बोलली?

मालन: आवं बोलली म्हंजी! आज सकाळच्याला वाडाय बसले तर—

सगुणा: आये, त्याच्या वाटीत जास्त हाय.

मालन: ही बगा. हे असं चाललंय.

सगुणा: त्याला डाळ जास्त वाडलीया. मला पानीच दिलंय नुसतं. मावशे, तळातलं वाड की.

हौसाबाई: वारते गो, वारते. तलातला वारते. ह्ये बग, घे. जीभ भाजल, फुंकर घाल.

मालन: सायेब, तोंड झाकून काय घेता? वास येतोय व्हय जवळ्याचा?

त्र्यंबक: हो. वास येतोय.

*

हौसाबाई: गेला सायब?

त्र्यंबक: गेला. आंबिवलीला गाडी उभी होती त्याची.

हौसाबाई: न काय झाला?

त्र्यंबक: सोमवारपासून चारही ओळींना नुसता तांदूळ.

मालन: म्हंजी? डाळ समद्यांचीच बंद?

त्र्यंबक: समद्यांची. इथली तर बंदच. आणि इथले आकडे बाकीच्या छावण्यांना पाठवणार आहे, त्यांनी तसंच करावं म्हणून.

हौसाबाई: पायाचा सांगितलास त्याला? पान्याचा?

त्र्यंबक: सांगितलं. त्यानं स्वतः वाकून महिपतच्या नळीवर अंगठा दाबला. मग रुमालानं पुसला. म्हणाला, ही माणसं दिवसभर बसून असतात, बसून पाय सुजतात. वजन बघ म्हणाला. मी म्हणालो, हे वजन पाण्याचं आहे. तो म्हणाला, माणसात पाणी असतंच.

मालन: पन आमची सगुणा दावली न्हवं त्याला?

त्र्यंबक: दाखवली. तू तर बघत होतीस लांबून. ती पारड्यात बसेना. त्याच्या टोपीला हात घालत होती, घड्याळाची साखळी ओढत होती. मला आनंद होत होता, हौसाबाई. वाटलं, आता बघेल. चौथ्या ओळीतली बावन्न माणसं एका बाजूला, डोळे उघडे ठेवून गप्प. आणि ही एक दुसऱ्या बाजूला दोरीला लोंबकळतेय. कोणाही माणसाला दिसेल.

हौसाबाई: न त्यानं काय बगितला?

त्र्यंबक: काटा. म्हणाला, हिला डाळ आणि मासळी दिली, ही छत्तीसची सत्तावीस झाली. ज्यांना दिली नाही ते वाढले. मदतनीस, याहून स्पष्ट पुरावा तुला आणखी कोणता हवाय?

हौसाबाई: मंग तू काय बोल्लास?

त्र्यंबक: काय बोलणार? दोन्ही आकडे मीच घेतलेले. तिला बसवून, पाय वर घ्यायला लावून.

मालन: तर म्हंजी माजी पोर जगली म्हनून…

त्र्यंबक: तुझ्या पोरीचा काही दोष नाही.

मालन: दोष न्हाई म्हनत. पन तिच्यामुळं बंद झाली न्हवं डाळ?

त्र्यंबक: माझ्यामुळं.

हौसाबाई: ता आता पुरे. रडाला रात हाय आख्खी. दादा, एक सांग. सायब परत कवा येल?

त्र्यंबक: पावसाळ्याआधी नाही.

हौसाबाई: माजा भाऊ येका फेरीन दोन टोपल्या जवला आनतंय. कुटून पीठ केला तर वीस पोरांना पुरंल. डाल नसली तरी चालंल.

त्र्यंबक: छावणीत बाहेरचं अन्न शिजवायला बंदी आहे. कोणी कळवलं तर तुम्हांला काढतील. मलाही.

हौसाबाई: मना काय, मी मोहन्याला जाईन. तुजा बोल.

त्र्यंबक: माझं… आई म्हणत होती कल्याणलाच राहा म्हणून. राहीन. वीस म्हणालात ना? चौथ्या ओळीतली सगळ्यांत लहान वीस घ्या. मी नावं सांगतो.

हौसाबाई: नावा सांगून काय उपेग? त्यांच्या आया देतील काय पोरा? सगुणाला बगून तोंडाला पदर लावतान त्या. त्यांची जाड झालीन ना. माज्या चुलीजवल कोन आनल?

त्र्यंबक: मी हुकूम म्हणून सांगितलं तर?

हौसाबाई: चोरून चूल पेटवाची न हुकूम कसला करतंस?

मालन: मी जाते.

त्र्यंबक: तुझं ऐकतील? तुलाच हसतात ना त्या?

मालन: हसू द्या. म्याबी वरन वतून दिलं व्हतं नदीला. कुठल्या बाईच्या मनात काय यील, ते मला ठावं हाय. त्यास्नी पान्याचं सांगत न्हाई मी, न् डाळीचंबी न्हाई. म्या त्येंचा आंगठा त्येंच्याच लेकराच्या पायावर ठिवते. चल गं सगुणे. पदर सोड मावशीचा.

*

त्र्यंबक: सावल्या लांबल्या. अजून आली नाही.

हौसाबाई: बावीस झोपड्या हान. येका येका जागी बसाला लागते.

त्र्यंबक: भांडण तर नाही झालं? आवाजही येत नाही.

हौसाबाई: चौथे ओलीतून कनचा आवाज येल?

त्र्यंबक: …ती बघा. सगुणा पुढं पळतेय.

हौसाबाई: मालन, काय झाला गो? किती आल्या?

मालन: येक.

त्र्यंबक: एकच?

मालन: बाकीच्या न्हाई म्हनाल्या. दोघींनी शिव्या दिल्या, एकीनं माती फेकली. ही मधल्या झोपडीतली. विमलाबाई नाव हाय, खेडची. तिचं थोरलं आज सकाळी गेलं, निजल्या जागी. कुनाला कळलंबी न्हाई, दुपारपोत्तर. धाकटं हाय, चार वर्साचं. म्या तिचा आंगठा धरला तर तिनंच दाबला. म्हनली, थोरल्याच्या पायावर राती माज्या हाताचं वळ उमटलं व्हतं, सकाळपोत्तर तसंच व्हतं. मला वाटलं, माजंच काय चुकलं.

हौसाबाई: मंग कय हाय ती? आन की तिला.

मालन: ततं खांबापाशी बसलीया. पोर उचलत न्हाई तिला. चार वर्साचं, पन लई जड झालंय.

हौसाबाई: चल. दोगी मिलून उचलू.